शिकवणाऱ्याला कोण बघतं? दुचाकी प्रशिक्षकांचं ‘सह-निरीक्षण’ म्हणजे काय

पनवेलमध्ये दुचाकी शिकणाऱ्याच्या वाट्याला कुठले रस्ते येतात, ते आधी बघू.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला बंदी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, त्यावरही दुचाकीला बंदी. मग एमएच-४६ पाटीची बाईक जाते कुठून? सायन-पनवेल महामार्गावरून, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे, पळस्पे फाट्यावरून गोव्याकडे, नाहीतर बंदराच्या रस्त्याने उरणकडे. म्हणजे जिथे कंटेनरचे ट्रेलर, एसटी, डंपर, रिक्षा आणि पायी चालणारी माणसं एकाच डांबरावर असतात, तिथून.

आता हीच दुचाकी बहुतेकांनी शिकलेली असते कुठे? खांदा कॉलनी किंवा करंजाडेच्या एखाद्या मोकळ्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, मोठ्या भावाकडून किंवा काकांकडून. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढायचा असतो, म्हणून आठचा सराव होतो. पाय खाली टेकला नाही की जमलं.

यातले काही जण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये किंवा कंपन्यांच्या सुरक्षित दुचाकी प्रशिक्षणात जातात. तिथे शिकवणारा माणूस अनुभवी असतो, गाडी उत्तम चालवतो. पण तो शिकवतो कसा, हे कोण बघतं? शिकणाऱ्याला तुलना करता येत नाही, कारण त्याने दुसरा प्रशिक्षक पाहिलेलाच नसतो. मालक ऑफिसात असतो. आरटीओसमोर येतो तो शिकून झालेला उमेदवार.

या प्रश्नाला जगभरच्या शाळा-कॉलेजांनी आणि काही दुचाकी प्रशिक्षण संस्थांनी शोधलेलं एक स्वस्त उत्तर आहे. एका प्रशिक्षकाने दुसऱ्याचा वर्ग बघायचा आणि नंतर दोघांनी बसून त्यावर बोलायचं. मराठीत त्याला सह-निरीक्षण म्हणता येईल.

दुचाकीत ‘दुसरा ब्रेक’ नसतो

चारचाकी शिकवणाऱ्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो दाबता येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला अशी दुहेरी यंत्रणा लागते, मात्र मोटरसायकल त्यातून वगळली आहे. वगळावीच लागते, कारण बाईकला तसा ब्रेक बसवून उपयोग नाही. प्रशिक्षक दहा-पंधरा फुटांवर उभा असतो आणि शिकणारा एकटा गाडीवर.

म्हणजे दुचाकी शिकवणाऱ्याच्या हातात फक्त शब्द असतात. तो काय बोलतो, कधी बोलतो, कुठे उभा राहून बोलतो, एवढंच. शब्द चुकला तर सावरायला दुसरं काही नाही.

आणि आपण रोज वापरतो ते शब्द आपल्यालाच ऐकू येत नाहीत.

याची दोन उदाहरणं मराठीतूनच घेऊ. पहिलं, ‘क्लच हळू सोड’. मराठीत हळू म्हणजे सावकाशही आणि हलक्या हातानेही. शिकवणाऱ्याला म्हणायचं असतं ‘सावकाश, थोडा थोडा’. शिकणाऱ्याला कळतं ‘नाजूकपणे’. तो बोटं नाजूक ठेवतो आणि क्लच एकदम सोडतो. गाडी झटका देऊन बंद पडते. प्रशिक्षक पुन्हा सांगतो, ‘अरे, हळू!’ आवाज चढतो, शब्द तोच राहतो.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. आपण ब्रेक ‘मारतो’. ब्रेक मार, कट मार, किक मार. मारायची गोष्ट माणूस झटक्यात करतो. पण दुचाकीचा, विशेषतः पुढचा, ब्रेक आधी हलका आणि मग वाढत्या जोराने दाबायचा असतो. गाडीचं वजन पुढच्या चाकावर यायला क्षणभर वेळ लागतो. त्याआधीच ब्रेक मारला तर चाक अडकू शकतं, आणि वजन आल्यावर दाबला तर तोच ब्रेक सगळ्यात जास्त काम करतो. ‘दाब, आणखी दाब’ म्हणणारा आणि ‘मार’ म्हणणारा प्रशिक्षक यांच्यातला फरक ओल्या रस्त्यावर दिसतो.

‘पुढचा ब्रेक लावू नकोस, पडशील’

हे वाक्य न ऐकलेला दुचाकीस्वार महाराष्ट्रात विरळाच.

त्यामागे अनुभव आहे. वळणावर, वाळूवर किंवा घाबरून पुढचा ब्रेक करकचून आवळला की माणूस पडतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण त्यातून काढलेला निष्कर्ष घातक आहे. सरळ, कोरड्या रस्त्यावर थांबण्याच्या एकूण ताकदीपैकी साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त पुढच्या ब्रेककडून येते. फक्त मागचा लावला तर थांबायला ढोबळमानाने दुप्पट अंतर लागतं. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. तुम्ही ‘अरे’ म्हणेपर्यंत एवढं अंतर संपलेलं असतं. त्यानंतर ब्रेक लागल्यावर नऊ-दहा मीटरमध्ये थांबणं आणि अठरा-वीस मीटरमध्ये थांबणं यात एखादा अख्खा ट्रेलरचा मागचा भाग मावतो.

अमेरिकेत १९८१ साली हॅरी हर्ट या संशोधकाचा अहवाल आला. लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन केलेली तपासणी त्यात होती. बहुतेक चालकांनी अपघाताच्या क्षणी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं होतं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नव्हता. त्याच अहवालानुसार अपघातात सापडलेल्या ९२ टक्के चालकांनी रीतसर प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. कुणी स्वतःच शिकलं होतं, कुणी घरच्यांकडून किंवा मित्रांकडून. आपला रविवार सकाळचा काका तिकडेही होता तर.

दरम्यान गाड्याही बदलल्या. एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान सीबीएस बंधनकारक आहे. सीबीएस असलेल्या स्कूटरवर डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. एबीएस चाक पूर्ण अडकू देत नाही. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी शिकलेला आणि तेव्हापासून तेच शिकवणारा प्रशिक्षक आज एका वेगळ्याच गाडीबद्दल बोलत असतो. त्याला हे पुस्तकातून माहीत नसतं असं नाही. विचारलं तर दोन्ही ब्रेकचं महत्त्व तो नीट सांगेल. पण मैदानावर, घाईत, समोरची मुलगी घाबरलेली असताना तोंडून जुनंच वाक्य जातं. ते ऐकायला बाजूला दुसरा प्रशिक्षक असेल तरच पकडलं जातं.

नियम काय मागतात?

१९८९ च्या नियमांतला २४ वा नियम ड्रायव्हिंग स्कूलबद्दल आहे. प्रशिक्षक किमान दहावी पास हवा, पाच वर्षांचा वाहन चालवण्याचा अनुभव हवा, मोटर मेकॅनिकचं प्रमाणपत्र किंवा त्याहून वरची तांत्रिक पात्रता हवी, वाहतूक चिन्हांचं ज्ञान हवं, गाडीचे भाग दाखवून समजावता आले पाहिजेत, इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषा यायला हवी. शिकणाऱ्यांची आणि त्यांच्या तासांची नोंदवही ठेवावी लागते. ३१ व्या नियमात अभ्यासक्रम आहे.

२०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. तिथे सिम्युलेटर आणि खास ट्रॅक लागतो, प्रशिक्षक बारावी पास लागतो आणि तिथून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. म्हणजे शिकवणाऱ्याची जबाबदारी वाढली.

हे सगळं योग्यच. पण यातलं बहुतेक दारातून आत येण्याआधी तपासायचं आहे. आत आल्यावर दहा वर्षांनी तो माणूस कसा शिकवतो, याचं उत्तर शिक्षणाच्या दाखल्यात नसतं. शिवाय साध्या दुचाकी लायसन्ससाठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाण्याची सक्ती नाही. जे थोडे लोक पैसे देऊन शिकायला येतात, त्यांना तरी काकांपेक्षा चांगलं मिळावं, ही अपेक्षा रास्त आहे.

संख्या बघितली की यातलं गांभीर्य कळतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के होते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून जास्त मृत्यू झाले.

मग सह-निरीक्षणात करायचं काय?

बी.एड. किंवा डी.एड. केलेलं कुणी घरात असेल तर त्यांना विचारा. सराव पाठ आणि निरीक्षण वही त्यांना लगेच आठवेल. एक छात्रशिक्षक पाठ घेतो, बाकीचे मागच्या बाकावर बसून लिहितात. कल्पना तीच. फरक एवढाच की तिथे गुण असतात, इथे नसावेत.

उच्च शिक्षणात या पद्धतीचा बराच अभ्यास झाला आहे. ब्रिटनमधले डेव्हिड गॉस्लिंग यांनी २००२ मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले. वरिष्ठ माणूस मूल्यमापनासाठी बघतो तो एक. तज्ज्ञ माणूस सुधारण्यासाठी बघतो तो दुसरा. आणि बरोबरीचे दोघे एकमेकांचं बघतात तो तिसरा. पहिल्यात माणूस दाखवण्यापुरतं चांगलं शिकवतो. तिसऱ्यात रोजचं शिकवणं दिसण्याची शक्यता जास्त.

दुचाकीच्या जगात यासाठी सोयीची जागा आधीच तयार आहे. अमेरिकेत मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन ही संस्था १९७३ पासून काम करते. तिच्या नवशिक्यांच्या कोर्समध्ये अनेकदा मैदानावर दोन प्रशिक्षक असतात. एक सूचना देतो तेव्हा दुसऱ्याला बघायला मिळतं. ब्रिटनमध्ये १९९० पासून नवशिक्यांना सक्तीचं मूलभूत प्रशिक्षण आहे. मैदानावर एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त चार शिकाऊ आणि रस्त्यावर दोनच. तिथे सरकारी परीक्षक अधूनमधून येऊन प्रशिक्षण देताना बघतात. हा गॉस्लिंग यांचा पहिला प्रकार झाला. तोही लागतो, पण तो दुसऱ्याची जागा घेत नाही.

पद्धत तीन टप्प्यांची आहे, आणि पहिल्या टप्प्याला फाटा दिला की पुढचं सगळं फुकट जातं.

पहिला टप्पा म्हणजे वर्गाआधी दहा मिनिटं चहा घेत बोलणं. आज काय शिकवणार, आणि मी कशावर लक्ष ठेवू? हे बघितला जाणारा ठरवतो. ‘माझ्या बॅचमध्ये ब्रेकिंगला दरवेळी दोघं-तिघं मागे पडतात, का ते बघ’ असा एक नेमका प्रश्न हवा. ‘सगळं बघ’ म्हटलं की बघणारा काहीच बघत नाही.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष बघण्याचा. बघणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. अपवाद एकच, कुणाला इजा होईल असं दिसलं तर. त्याने उभंही अशा जागी राहावं की शिकणाऱ्याची नजर त्याच्याकडे जाणार नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रशिक्षकापेक्षा शिकणाऱ्यांकडे जास्त बघायचं. शिकवणं चांगलं झालं की नाही, हे शिकणाऱ्याच्या मनगटावर आणि मानेवर दिसतं.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. ही साधी रेघ फार उपयोगी आहे. समजा पनवेलच्या एका मैदानावर सहा शिकाऊंचा ब्रेकिंगचा सराव चालू आहे. डावीकडे अशा नोंदी येतील: सूचना देताना तीन गाड्यांची इंजिनं चालू होती. सूचना दोन मिनिटांची, त्यात सात वेगवेगळ्या गोष्टी. प्रशिक्षक थांबायच्या रेषेच्या पलीकडे समोरच उभे. चौथ्या शिकाऊने पायाचा ब्रेक आधी दाबला, हाताचा लावलाच नाही. त्याला सांगितलं ‘चांगलं, पुन्हा एकदा’. स्कूटरवरच्या ताईंना अर्ध्या तासात तीन फेऱ्या मिळाल्या, बाकीच्यांना पाच-सहा.

उजवीकडे: हेल्मेट आणि इंजिनच्या आवाजात सूचना पोचली नसावी. समोर माणूस उभा असल्याने सगळे त्याच्याकडेच बघत येत होते.

शेवटची नोंद बारकाईने वाचा. गाडी नजरेमागे जाते. प्रशिक्षक रेषेपलीकडे मधोमध उभा राहिला तर शिकणारा त्याच्या बुटांकडे बघत येतो आणि थांबताना मान खाली जाते, तोल जातो, पाय टेकतो. मग प्रशिक्षक ओरडतो, ‘खाली बघू नको’. खाली हा शब्द ऐकला की नजर आणखी खाली. त्याऐवजी बाजूला उभं राहून ‘त्या समोरच्या झाडाकडे बघत ये’ म्हटलं की काम होतं. वर्षानुवर्षं मधोमध उभा राहणारा माणूस स्वतःला मधोमध उभा असलेला कधीच पाहू शकत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढून थोडं कळतं, पण शिकणाऱ्यांची परवानगी हवी. आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकला की संपलं.

तिसरा टप्पा नंतरच्या बोलण्याचा, शक्यतो त्याच दिवशी. आधी शिकवणाऱ्याने बोलायचं. त्याला बरंच कळलेलं असतं. मग बघणाऱ्याने डावी बाजू वाचायची, नुसती वाचायची. ‘सर, चौथ्याने हाताचा ब्रेक लावला नाही आणि तुम्ही चांगलं म्हणालात’ हे पुरेसं असतं. उजवी बाजू विचारली तर सांगायची. शेवटी पुढच्या बॅचला एकच गोष्ट बदलायचं ठरवायचं. पाच ठरवल्या तर एकही होत नाही. आठवड्याभराने भूमिका उलट.

आपल्याकडे हे अडतं कुठे?

पहिली अडचण भिडेची. आपल्याकडे सहकाऱ्याच्या तोंडावर ‘छान झालं सर’ म्हणायची पद्धत आहे आणि खरं मत टपरीवर सांगायची. वहीतली मधली रेघ त्यावरच उपाय आहे. किती फेऱ्या झाल्या हा आकडा असतो, त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. वयाने मोठ्या प्रशिक्षकाचा वर्ग नवख्या मुलाने बघायचा असेल तर पहिल्यांदा मोठ्याने स्वतः बोलवावं. ‘ये रे, जरा बघ माझं काय चुकतंय’ असं वाक्य वरिष्ठाकडून आलं की बाकीचे मोकळे होतात.

दुसरी अडचण धंद्याची. एका शहरातली ड्रायव्हिंग स्कूल एकमेकांची स्पर्धक असतात. समोरच्या स्कूलचा माणूस मैदानाच्या कडेला वही घेऊन उभा राहिला तर तो ग्राहक मोजतोय असंच वाटणार. अनेक स्कूलमध्ये दुचाकीसाठी एकच प्रशिक्षक असतो, त्यामुळे स्वतःच्या छताखाली जोडी मिळत नाही. अशा वेळी चारचाकी शिकवणारा सहकारीही चालतो. त्याला ब्रेकच्या तांत्रिक चुका कमी दिसतील, पण सूचना कळली का, फेऱ्या किती, घाबरलेल्याशी कसं बोललं गेलं, हे सगळं दिसेल. किंबहुना ‘हे मला कळलं नाही’ असं तोच सांगू शकतो.

तिसरी अडचण मालकाची. निरीक्षणाची वही पगारवाढीच्या फायलीत गेली की पुढच्या वेळी तिच्यात फक्त कौतुक सापडतं. म्हणून वही ज्याचा वर्ग बघितला त्याच्याकडेच राहावी. मालकाला एवढंच कळावं की निरीक्षण झालं.

एक मर्यादा मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. दोघांचीही समजूत एकसारखी चुकीची असेल तर सह-निरीक्षण ती पक्कीच करतं. ‘पुढचा ब्रेक नको’ असं मानणारे दोघे एकमेकांना शाबासकी देत राहतील. त्यामुळे वर्षातून कधीतरी बाहेरच्या जाणकाराने येऊन बघणं आणि प्रशिक्षकांनी स्वतः नव्या गाड्यांवर शिकणं, हे दोन्ही लागतंच.

पण प्रशिक्षणाने अपघात कमी होतात का?

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कोक्रेन या जागतिक गटाने २०१० मध्ये मोटरसायकल प्रशिक्षणाच्या अभ्यासांचा आढावा घेतला. अभ्यासांचा दर्जाच इतका कमकुवत होता की प्रशिक्षणाने अपघात कमी होतात की नाही, याबद्दल ठाम सांगता येत नाही, असं त्यांना म्हणावं लागलं.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी असा नाही. पण ‘प्रशिक्षण’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. दोन तास आठ काढून घेणं हेही प्रशिक्षण, आणि ट्रेलरच्या डाव्या बाजूला चालक आपल्याला बघू शकत नाही हे उभं करून दाखवणं हेही प्रशिक्षण. मैदानावर नेमकं काय घडतं, याची नोंदच नसेल तर कशाचा उपयोग झाला हे कुणाला कळणार? निरीक्षणाच्या वह्यांमधून निदान तेवढं तरी समजू लागतं.

सुरुवात करायला परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. पनवेल परिसरात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरतो. मे महिन्याच्या बॅचेसमध्ये दोन प्रशिक्षकांनी एकमेकांचा फक्त ब्रेकिंगचा तास बघितला आणि प्रत्येक शिकाऊने किती वेळा दोन्ही ब्रेक एकत्र, दाबत दाबत लावले एवढं मोजलं, तर पहिल्या पावसात कर्नाळ्याच्या वळणांकडे निघणाऱ्या मुलांपैकी कुणाला अजून तयारी हवी आहे, ते आधी कळेल.